मूल खात्याखात्यांत वाटता येत नाही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ ही वर्षे 'पायाभूत स्तर' म्हणून शिक्षणाच्या आकृतिबंधात आणली, तेव्हापासून महाराष्ट्रात एक वाद धुमसतो आहे. पहिलीच्या आधीची वर्षे कोणाच्या अखत्यारीत असावीत, शालेय शिक्षण विभागाच्या की महिला व बालविकास विभागाच्या? एका बाजूचे म्हणणे असे की अंगणवाडीत खिचडीपलीकडे मुलाच्या हाती काही लागत नाही; म्हणून जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला बालवर्ग जोडावा, त्यावर प्रशिक्षित शिक्षक नेमावा आणि अंगणवाडीकडे आहारापुरते काम ठेवावे. दुसरी बाजू विचारते, जिथे पाच वर्षांखालील दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मूल वयाच्या मानाने खुजे आहे, तिथे पाटी-पेन्सिलीची एवढी घाई कशासाठी? आधी पोट, मग पाठ. दोन्हीकडची माणसे तळमळीची आहेत आणि दोन्हीकडचे दाखले खरे आहेत. तरीही हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे, कारण मुलाचे दोन भाग पाडता येतात हे गृहीत धरूनच दोघेही बोलतात.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे पोषण, आरोग्य, त्याच्याशी होणारे बोलणे, त्याचा खेळ आणि त्याला मिळणारी सुरक्षितता या गोष्टी वेगवेगळ्या योजनांत ठेवल्या की त्यांतली एकही नीट होत नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मिळून बालसंगोपनाची जी चौकट मांडली, तिच्यात चांगले आरोग्य, पुरेसे पोषण, मुलाच्या हाकेला ओ देणारे संगोपन, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी हे पाचही घटक एकत्र आहेत. आपल्याकडे या पाचही गोष्टींना किमान कागदावर जागा देणारी एकच व्यवस्था गावोगाव पोहोचलेली आहे, ती म्हणजे अंगणवाडी. तिची दुर्दशा हे तिचे तुकडे करण्याचे कारण होऊ शकत नाही. तिला माणसे, वेळ आणि अधिकार यांपैकी काहीही पुरेसे मिळालेले नाही, आणि वाद व्हायचाच असेल तर तो यावर व्हायला हवा.

ही फाळणी केवळ वाद घालणाऱ्यांच्या डोक्यात नाही, ती आपल्या कायद्यांतही आहे. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा निर्देश होता. त्यात खालच्या वयाची अट नव्हती. उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. त्यानंतर २००२ मध्ये शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली. तिने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला खरा, पण सहा ते चौदा वयापुरता; सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्याने प्रयत्नशील राहावे एवढाच निर्देश उरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे अकरावे कलमही पूर्वप्राथमिक शिक्षणाबाबत शासन आवश्यक ती व्यवस्था 'करू शकेल' असे म्हणून थांबते. याउलट २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा कायदेशीर हक्क दिला. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला आज खिचडी कायद्याने मागता येते. गोष्ट, गाणे, खेळ आणि ते घेणारी प्रशिक्षित बाई मागता येत नाही. मग अंगणवाडीत खिचडी शिजते आणि गोष्ट राहून जाते, याचे आश्चर्य का वाटावे?

आता मुलाकडे पाहू. दहा महिन्यांच्या बाळाला भरवणारी आई कोणीही पाहिलेली असते. ती वरणभात मऊ कालवते, 'हा घास काऊचा, हा घास चिऊचा' म्हणत हात पुढे करते. बाळ तोंड फिरवते. ती थांबते, ते कुठे पाहते आहे ते पाहते, दारातल्या मांजराचे नाव घेते. बाळ तिकडे बोट करून काहीतरी उच्चारते, आई तोच उच्चार परत करून दाखवते आणि तेवढ्यात घास आत जातो. या पाच मिनिटांत पोषण कुठे संपले आणि भाषा कुठे सुरू झाली? आईला दिवसभर उन्हात राबून हे करायला त्राण उरले नसेल, तर घासही कमी जातात आणि शब्दही. बाळाला जुलाब होत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही आणि ते मांजराकडे बोटही करत नाही. रक्तात लोह कमी असलेले मूल लवकर थकते, किरकिर करते आणि कोपऱ्यात बसून राहते; त्याचा खेळ कमी होतो म्हणून त्याचे शिकणे कमी होते. प्रत्येक कारण दुसऱ्यात गुंतलेले आहे. खाती मात्र वेगळी आहेत, त्यांच्या नोंदवह्या वेगळ्या आहेत आणि त्यांच्या आढावा बैठकाही वेगळ्या होतात.

'आधी पोट' म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आकडेवारीचा आहे आणि तो मान्यच करावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४६ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये सुमारे ३४ टक्क्यांवर आले. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना याच काळातली, २००५ मधली. पुढच्या, २०१९-२१ च्या फेरीत मात्र खुज्या मुलांचे प्रमाण ३५ टक्क्यांवर अडकले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्केच राहिली. पाच वर्षांखालील मुलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण तर ५४ वरून ६९ टक्क्यांच्या जवळ गेले. जव्हार, मोखाडा, मेळघाट ही नावे तीस वर्षे बालमृत्यूंच्या बातम्यांत वाचणाऱ्या माणसाने 'आधी जेवण' म्हटले तर त्याला दोष कोण देईल?

पण 'आधी' या क्रमातच चूक आहे. १९८० च्या दशकात जमैकाच्या किंग्स्टन शहरात, नऊ ते चोवीस महिन्यांच्या, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी मिळाली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्य सेविका तासभर जाई. घरीच बनवलेल्या खेळण्यांनी आईला सोबत घेऊन मुलाशी खेळे, बोले, आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे ते आईला दाखवून येई. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा भुकटीनेही विकासाला हात दिला होता, खेळानेही. दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे होती. वीस वर्षांनी त्याच मुलांची कमाई तपासली गेली, तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त होती. भुकटीचा वेगळा ठसा मात्र या टप्प्यावर दिसला नाही. यावरून आहार निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती मुले प्रयोगात येण्याआधीच खुंटलेली होती, आणि अन्नाची सर्वांत मोठी गरज गर्भारपणापासून पहिल्या काही महिन्यांतली असते, ती वेळ त्यांच्या बाबतीत टळून गेली होती. निष्कर्ष एवढाच की पोट पूर्ण भरेपर्यंत बोलणे आणि खेळ थांबवून ठेवले, तर पोट भरल्यावरही ती भरपाई होत नाही. तीव्र कुपोषित मुलावर रुग्णालयात करायच्या उपचारांच्या ज्या दहा पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिल्या आहेत, त्यांत साखर आणि शरीराचे तापमान सांभाळण्यापासून सुरुवात होते, आणि नववी पायरी आहे मुलाच्या संवेदनांना चालना आणि भावनिक आधार. मृत्यूच्या दारात असलेल्या मुलालाही खेळायला घ्या, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग गावातल्या मुलाला 'आधी वजन वाढू दे' असे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

हा विचार बाहेरून आलेला नाही, हे या वादात कोणालाच आठवू नये याचे मला फार वाईट वाटते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून बालशिक्षण शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मध्यमवर्गीय शहरी मुलांसाठी उत्तम बालमंदिर चालवणे एवढ्यावर त्यांना थांबता आले असते. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पहिल्याच अनुभवात त्यांना कळले की बालवाडी उघडली म्हणून गरिबाचे मूल येत नाही. दलित वस्तीतली मुले येईनात, तेव्हा या बायकाच वस्तीत गेल्या. अंगणात बसून आधी मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, खरजेवर औषध लावले आणि त्याच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ घेतले. पुढे १९५७ च्या सुमारास कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झाले, तेव्हा प्रश्न वेगळा निघाला. मोठी मुले गुरांमागे जात आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसत. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात नेली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्याला विकासवाडी म्हटले. धाकट्याला पाळण्यात ठेवले की मोठी बहीण वर्गात बसायला मोकळी. शिंपले, बिया, पाने, खडे हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य. या बायकांनी कधी 'हे आरोग्य खात्याचे, हे आपले' अशी विभागणी केली नाही. केली असती तर बोर्डीतली बालवाडी पाटी-पेन्सिली मांडून रिकामीच राहिली असती.

१९७५ च्या गांधी जयंतीला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हीच कल्पना सरकारी रूपात आली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे), आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहाही सेवा एका छपराखाली आल्या. योजनेच्या नावातच एकात्मता होती. मग बिघडले काय? कोणत्याही अंगणवाडीत सकाळी अकराला जाऊन तासभर बसले तर उत्तर दिसते. अडीच वर्षांची आणि पाच वर्षांची मुले एकाच गोलात बसलेली असतात. सेविकेने ससा-कासवाची गोष्ट सुरू केलेली असते. परिचारिका लसीकरणाची यादी मागायला येते. एक गरोदर बाई आहाराची पाकिटे न्यायला दारात उभी असते. तिची नोंद मोबाइलमधल्या 'पोषण ट्रॅकर' ॲपवर करायची, पण नेटवर्क नसते. पर्यवेक्षिकेचा फोन येतो, वजन-उंचीची माहिती आजच भरा. मदतनीस आतून विचारते, उसळ वाढू का? कासव वाटेतच राहते. या बाईला शिकवता येत नाही असा निष्कर्ष काढणारा माणूस त्या तासात तिथे बसलेला नसतो.

इथे विरोधकांचा आणखी एक गंभीर मुद्दा येतो. ते म्हणतात, 'सर्वांगीण' या नावाखाली सगळी ओझी एकाच बाईच्या डोक्यावर आली आणि कशालाच न्याय मिळाला नाही. त्यापेक्षा एका खात्याने एकच काम घ्यावे आणि ते चोख करावे. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याचे उत्तर तामिळनाडूत सापडते. तिथल्या चार जिल्ह्यांतल्या ३२० अंगणवाड्यांचा एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या निम्म्या ठिकाणी फक्त बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ साहाय्यिका वाढवली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि दीड वर्षात मुलांची भाषा व गणित दोन्ही लक्षणीय सुधारले, यात अनपेक्षित काही नाही. पण त्या अंगणवाड्यांत तीव्र कुपोषण आणि खुजेपणही घटले. कारण उघड आहे: शिकवण्याचे काम हलके झाले तेव्हा जुन्या सेविकेला आहार, वजन आणि कागदपत्रे यांच्याकडे नीट पाहता आले. शिक्षणासाठी माणूस वाढवला आणि पोषण सुधारले! सेवा एकत्र हव्यात. त्या देणारी माणसे एकाहून अधिक हवीत. काम वाटून घ्यावे, मूल वाटू नये. हेच बालवर्ग शाळेत हलवून साधणार नाही, कारण तिथला शिक्षक वजनकाटा हातात घेणार नाही आणि उरलेल्या अंगणवाडीत मुलांचा किलबिलाट संपून पाकिटे वाटण्याचे दुकान तेवढे राहील.

शिक्षणवाद्यांना दुसरा आधार पालकांचा आहे. गावागावांत इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीची पिवळी गाडी येते आणि शेतमजूर आईबापही उसनवारी करून तिची फी भरतात. पालकांनीच कौल दिला आहे, असे सांगितले जाते. हा कौल मी हलका मानत नाही. माझ्या मुलाने शिकावे, नुसते जेवू नये, ही आईबापांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण त्या गाडीतून मूल कुठे जाते? साडेतीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वहीत ठिपके जोडून 'ए' गिरवायला दिला जातो. बोटांचे स्नायू अजून पेन्सिल पेलत नाहीत, म्हणून ते मुठीत धरून दाबते, कागद फाटतो, आणि संध्याकाळी घरी त्याच पानाचा गृहपाठ असतो. ज्या भाषेत त्याला तहान लागल्याचे सांगता येत नाही, त्या भाषेत ते रंगांची नावे पाठ म्हणते. यशपाल समितीने १९९३ मध्येच बजावले होते की नर्सरी प्रवेशाच्या परीक्षा आणि मुलाखती बंद व्हाव्यात, बालवयात औपचारिक शिकवणीची घाई होऊ नये. तीस वर्षांत ती घाई शहरातून वाडीवस्तीवर पोहोचली. पालकांचा कौल शिक्षणाच्या बाजूने आहे. या पद्धतीच्या बाजूने आहे असे म्हणायला त्यांच्यासमोर दुसरी पद्धत ठेवलीच कोणी?

शाळेचीच आवृत्ती खालच्या वयात उतरवली तर काय होते याचा दाखला अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने दिला आहे. तिथल्या सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांत चिठ्ठीने प्रवेश मिळालेली मुले सुरुवातीला पुढे दिसली, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सहावीपर्यंत ती प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या मागे पडलेली आढळली. उलट पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या बाजूने नेहमी उद्धृत होणारा मिशिगनमधला पेरी प्रयोग १९६० च्या दशकातला. त्यात सकाळचा वर्ग होता, हे सगळे सांगतात. तीच शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईबरोबर बसत असे, हे फारसे कोणी सांगत नाही. पेरीचे नाव घेऊन टेनेसी उभे करायचे, अशी चूक आपण करू नये.

घराचा उल्लेख आला की तिसरा आक्षेप येतो: मूल वाढवणे हे आईचे, आजीचे काम; त्यात सरकारने कशाला शिरावे? ज्या घरात आजी आहे, वेळ आहे आणि दोन वेळचे नीट आहे, तिथे हा आक्षेप मान्य. पण दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या मजूर जोड्या, बाहेर पडतात, त्या घरांचे काय? मुकादमाची उचल घेतलेली असते. कारखान्याच्या तळावर कोपी पडते, नवरा-बायको पहाटे अंधारात फडावर जातात, आठ-नऊ महिन्यांचे बाळ पाचटाच्या कडेला साडीच्या झोळीत असते आणि त्या झोळीला हिसका देणारी त्याची बहीण जेमतेम सात वर्षांची असते. आई मोळी बांधता बांधता मध्येच येऊन अंगावर पाजते आणि परत जाते. बाळाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत असते, बाळ दोन जिल्हे ओलांडून गेलेले असते. सहा महिने त्याला डोस, वजन, भाषा, खेळ यांतले काही धड मिळत नाही, आणि बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच. कोसबाडला साठ-सत्तर वर्षांपूर्वी हाच प्रश्न सुटला होता, तो पाळण्याने. या कुटुंबाला 'मुलाशी जास्त बोला' असा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. त्याला तळावर दिवसभराचे पाळणाघर हवे.

तीन वर्षांखालचे मूल आपल्या वादातून जवळपास वगळलेलेच आहे. बालवर्ग कोणाचा, हा प्रश्न तिसऱ्या वाढदिवसानंतरचा. तोवर खुजेपणाचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते आणि मुलाच्या कानावर पडलेल्या शब्दांतली तफावतही तयार झालेली असते. या वयाचे काम घरात जाऊन करावे लागते, आणि ते साध्या शिकलेल्या गावातल्या बायका उत्तम करू शकतात याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आशा सेविकांच्या गृहभेटी त्यातूनच पुढे देशभर गेल्या. बाळ जगवण्यासाठी जी बाई घरात जाते, तिलाच बाळाशी बोलणे, खेळणे, भरवताना त्याच्या खुणा ओळखणे शिकवता येणार नाही का? केंद्राने २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहासाठी 'आधारशिला' असे आराखडे काढले, दिशा बरोबर आहे. पण आराखडा घरात चालत जात नाही. जाणारी बाई तीच, जिची गोष्ट कासवापाशी अडली होती.

भाषेबद्दल थोडेच सांगतो. धारणीचे मूल घरी कोरकू बोलते, भामरागडचे माडिया, धडगावचे पावरी. त्यांच्या अंगणवाडीच्या भिंतीवरचे तक्ते मराठीत आहेत. जिथे सेविका त्याच बोलीची आहे तिथे मूल पहिल्या आठवड्यात बोलते. नाही तिथे ते महिनोन् महिने गप्प बसते आणि 'मंद' ठरते. सेविका निवडताना मुलांची बोली येणे ही पहिली अट असावी, मराठीकडे जाण्याची वाट तिथूनच सोपी होते.

शेवटी पैशाचा आक्षेप. तो नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही पैसा कुठून आणणार, शिक्षक कुठून आणणार, गरिबाला मुलाची मजुरी बुडवणे परवडेल का, हेच विचारले गेले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पाच वर्षांनी राजर्षी शाहू महाराजांनी एवढ्याशा कोल्हापूर संस्थानात तेच सक्तीने आणि मोफत करून दाखवले. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे सांगितले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. आजचा हिशेब त्याच नजरेने पाहावा. २०१७ मध्ये केंद्राने एका मुलाच्या दिवसाच्या पूरक आहारासाठी ८ रुपये ठरवले. त्यात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने बसवायची. २०१८ मध्ये सेविकेचे केंद्राचे मानधन ४,५०० आणि मदतनिसाचे २,२५० रुपये झाले. राज्य आपली भर घालते, तरी मानधनाचे वेतन झालेले नाही. महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना याच मागण्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत संपावर राहावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, म्हणजे ही कामगार बाई आहे, स्वयंसेविका नाही, हे सर्वोच्च पातळीवर मान्य झाले आहे. तामिळनाडूतल्या त्या प्रयोगाच्या अभ्यासकांनी साहाय्यिकेवरचा खर्च आणि मुलांच्या पुढच्या कमाईतला फायदा यांचा अंदाज मांडला, तेव्हा फायदा खर्चाच्या कितीतरी पटींनी निघाला. तेव्हा पैसा नाही असे म्हणण्याऐवजी, तो या वयावर घालायची इच्छा नाही, असे तरी स्पष्ट म्हणावे.

एका अर्थसंकल्पात सगळे होणार नाही, हे मला मान्य आहे. एक लाखाहून अधिक अंगणवाड्यांत एकदम माणूस वाढवता येणार नाही, आणि घाईने वाढवला तर दर्जा राखता येणार नाही. म्हणून क्रम लागावा तो पोषण आणि शिक्षण यांच्यात नव्हे, तालुक्यातालुक्यांत. धारणी, चिखलदरा, मोखाडा, जव्हार, धडगाव, अक्कलकुवा, भामरागड, एटापल्ली इथल्या प्रत्येक अंगणवाडीत मुलांची बोली बोलणारी, बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेली दुसरी सेविका पहिल्या वर्षी नेमावी आणि तिला पूर्ण वेतन द्यावे. जुन्या सेविकेकडे तीन वर्षांखालच्या मुलांच्या गृहभेटी, वजन आणि आहार राहावा. प्रत्येक साखर कारखान्याच्या तळावर हंगाम सुरू होण्याआधी पाळणाघर उभे असावे. त्याचा खर्च कारखाना आणि शासन यांनी उचलावा, आणि गावच्या नोंदवहीतले नाव मुलाबरोबर तळावर जावे. दोन्ही खात्यांच्या तालुका अधिकाऱ्यांनी एकाच यादीवर एकत्र आढावा घ्यावा. त्या यादीत मुलाच्या नावापुढे त्याचे वजन, त्याच्या लसी, ते किती शब्द बोलते आणि दिवसा त्याला कोण सांभाळते, हे सगळे एकाच ओळीत असावे. आणि विधानसभेने शिक्षण हक्क कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून 'करू शकेल' या जागी 'करील' लिहावे. शिक्षण हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, विषय आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला हे करता येते, आणि त्यासाठी बालवर्ग कोणत्या खात्याचा हे आधी ठरण्याची वाट पाहावी लागत नाही.